चाच्यांची तलवारबाजी रंगमंचावर बसवताना: आधी अंतर, तलवार नंतर

समुद्री चाच्यांचा खेळ करायचा ठरला की पहिल्या आठवड्यात तलवारी येतात, दुसऱ्यात टोप्या आणि डोळ्यावरच्या पट्ट्या. प्रयोगाला दहा दिवस उरले की कुणाच्या तरी लक्षात येतं, लढत अजून बसलेलीच नाही. मग ती अंदाजाने उरकली जाते. बोटांची सालं निघतात, मूठ सैल झालेली तलवार विंगेत उडते आणि प्रेक्षकांना दोन माणसं पत्रा बडवताना दिसतात. चूक बहुतेक वेळा कौशल्याची नसते, क्रमाची असते.

खालची पद्धत पाच-सहा जणांच्या चमूसाठी आहे: १०-१५ मिनिटांचा प्रवेश आणि त्यात दोन लढती. एकांकिका असो, सोसायटीचा गणपती असो की शाळेचं गॅदरिंग, क्रम हाच राहतो. हाताशी सहा आठवडे, आठवड्याला दोन-दोन तासांच्या तीन तालमी असं धरून चाला. चमूत आधी कुणीच लढत केलेली नसेल तर टप्पा ३ आणि ४ जाणकार फाईट मास्टरच्या नजरेखाली शिका. वाचून तेवढं जमत नाही.

टप्पा १: माणसं आणि कागद

सहा जण असतील तर चौघांनीच लढायचं. पाचवा फाईट मास्टर. तो लढणार नाही, कायम बाहेरून बघणार, आणि त्याने "थांबा" म्हटलं की वाक्य अर्धवट असलं तरी सगळे थांबणार. सहाव्याकडे हत्यारं: मोजणं, कानस मारणं, कुलपात ठेवणं. छोट्या चमूत दिग्दर्शकच कप्तानाचं काम करतो, तोच लढत बसवतो आणि तोच तलवारी सांभाळतो. हे चालत नाही. स्वतः लढणाऱ्याला स्वतःची तलवार कुठून जाते ते दिसत नाही.

मर्दानी खेळ किंवा फेन्सिंग शिकलेला भिडू मिळाला तर आनंदच, पण त्याच्यावर दुप्पट लक्ष ठेवा. त्याच्या हाताला वार लागू करायची सवय असते. इथे तो चुकवायचा असतो, तोही दिसेल असा.

कागद आत्ताच, शेवटच्या आठवड्यात नाही. तिकीट लावून जाहीर प्रयोग असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय ज्या हद्दीत तालीम आणि प्रयोग आहे त्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा: संस्थेचं नाव, तारखा, तलवारींची संख्या, त्या बोथट असल्याचा उल्लेख आणि फोटो. लागणाऱ्या अटी त्यांच्याकडूनच विचारून घ्या. १९५९ चा शस्त्र कायदा आहेच, वर शहरात वेळोवेळी हत्यारं बाळगण्यावर जमावबंदीसारखे मनाई आदेश निघतात. तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्यांवर पुण्यात गुन्हे दाखल झाले आहेत, त्यामुळे तालमीच्या जोशात दुचाकीवर बसून तलवार परजत काढलेला फोटो अजिबात नको. ने-आण बंद, कुलपाच्या पेटीतून, सोबत पत्राची प्रत.

संहितेबद्दल एकच सूचना. चाचे कुठले ते आधी ठरवा, आणि कान्होजी आंग्र्यांना त्यात ओढू नका. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं असेल, पण ते मराठा आरमाराचे सरखेल होते. पुण्यात त्यांचं नाव घेतलंत तर मध्यंतरापर्यंत लढत कुणी बघणार नाही, सगळे तुमच्याशी वाद घालायला थांबतील.

टप्पा २: तलवारी मागवा, पण वाटू नका

चांगली तलवार बनून यायला वेळ लागतो, म्हणून ऑर्डर पहिल्या आठवड्यातच द्या. हातात मात्र ती चौथ्या आठवड्याशिवाय द्यायची नाही.

चाच्यांची तलवार आखूड आणि किंचित वाकडी असते. जहाजावर दोरखंड आणि माणसांच्या गर्दीत लांब पातं फिरवता येत नाही, तेच छोट्या स्टेजलाही लागू पडतं. पातं ६५ ते ७० सेंमी, वजन ७०० ते ९०० ग्रॅम, धारेची जाडी किमान २ मिमी, टोक एक रुपयाच्या नाण्याएवढं गोल घासलेलं. मुठीवर बोटं झाकणारी वाटी किंवा कमान हवीच.

पोलाद स्प्रिंग स्टीलचं असावं, म्हणजे पातं वाकून परत सरळ होतं. मात्र पोलादापेक्षा जास्त महत्त्वाचं काय, तर पात्याचा मुठीच्या आत जाणारा भाग. तो पात्याच्या रुंदीच्या निदान निम्मा असावा आणि मुठीच्या टोकापर्यंत जाऊन तिथे नटाने आवळलेला किंवा ठोकून पक्का केलेला असावा. नवरदेवाच्या हातात देतात ती किंवा भिंतीवर लावायची शोभेची तलवार इथेच दगा देते. तिच्या मुठीत बोटाएवढी सळई जेमतेम वेल्ड केलेली असते. ती दिसायला झकास असते, आणि दहाव्या-बाराव्या टकरीला मूठ हातात राहते आणि पातं पहिल्या रांगेकडे निघतं. भाड्याच्या दुकानातली तलवार कमरेला लटकवायला ठीक. तिने लढायचं नाही.

बजेट नसेल तर ६ मिमी जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीची तलवार चालते. आवाज बसका येतो, धार लवकर चेपते, पण मोडून उडण्यापेक्षा ती वाकते. एक लक्षात ठेवा: एका हातात पोलाद आणि समोर ॲल्युमिनियम अशी जोडी लावू नका. पोलाद ॲल्युमिनियम खात जातं आणि धारेवर करवतीचे दाते उभे राहतात.

दोघे लढणार असतील तर तलवारी तीन. तिसरी विंगेत.

> तपासणी: मूठ घट्ट धरून पातं तळहातावर आडवं आपटा. खुळखुळ आवाज आला किंवा मुठीत हलकी थरथर जाणवली तर ती तलवार बाजूला ठेवा. "आजचा दिवस चालेल" असं म्हणायचं नाही.

तोपर्यंत सराव वेताच्या काठीवर: ७५ सेंमी लांब, अंगठ्याएवढी जाड. वेतच घ्या. बांबू फुटला की त्याचे सुळे निघतात, वेत नुसता पिंजतो. कानस, पॉलिश पेपर, चामड्याचे हातमोजे, मुठीला गुंडाळायची सुती दोरी हे सगळं पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत होतं.

टप्पा ३: अंतर

पहिला अख्खा आठवडा फक्त हे. कंटाळा येणार. येऊ द्या.

दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. वार करणाऱ्याने हात पूर्ण लांब करून काठी सरळ धरायची. काठीचं टोक समोरच्याच्या शर्टापासून एक वीत, म्हणजे २०-२२ सेंमी, अलीकडे थांबलं पाहिजे. पुढे झुकूनसुद्धा. हे सुरक्षित अंतर. समोरचा वार अडवायला साफ विसरला तरी तलवार त्याच्या पुढून हवेत जाईल, इतकंच या अंतराचं काम.

आता चालायला लावा. एक पाऊल पुढे, समोरच्याचं एक पाऊल मागे. मग दोन, मग गोल फिरत. दर चार पावलांनी "थांबा" म्हणा आणि वीत मोजा. पहिल्या तासाला बहुतेकांचं अंतर सहा-सात इंचांनी आत सरकलेलं सापडेल, कारण एकच: हल्ला करणारा लांब ढांग टाकतो आणि मागे जाणारा पडायच्या भीतीने आखूड. उपाय सोपा आहे. लांबी मागे जाणाऱ्याने ठरवायची, पुढच्याने त्याच्या मापाने चालायचं.

तालीम गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये असेल तर खडूने स्टेजची खरी लांबी-रुंदी आखून घ्या. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत प्रयोग करायचा आणि तालीम अख्ख्या पार्किंगभर, असं केलंत तर प्रयोगाला प्रत्येक अंतर आत येणार.

> सावध: अंतर चुकलेलं दिसलं तर वार करणाऱ्याने वार सोडून द्यायचा, नुसती तलवार उंचावून एक पाऊल मागे यायचं. प्रेक्षकांना तो पवित्रा वाटतो. ही सवय इथेच लावा.

टप्पा ४: पाच जागा आणि तीन ठोके

उजव्या हाताने लढणाऱ्यासाठी अडवायच्या पाच जागा पुरतात:

१. डाव्या मांडीकडचा वार, टोक खाली
२. उजव्या मांडीकडचा वार, टोक खाली
३. उजव्या दंडाकडचा वार, टोक वर
४. डाव्या दंडाकडचा वार, टोक वर
५. डोक्यावरचा वार, पातं आडवं, कपाळाच्या वीतभर वर आणि वीतभर पुढे

दंड म्हणजे कोपर आणि खांदा यांच्या मधला भाग. मानेकडे वार नाहीच. तलवारीचं टोक चेहऱ्यासमोरून कधीही, कुठल्याही कारणाने, संवाद म्हणतानाही जाऊ द्यायचं नाही. अडवताना समोरचं पातं आपल्या मुठीजवळच्या भागावर घ्यायचं. टोकाकडच्या भागावर घेतलं तर मनगट उलटतं.

यापेक्षाही महत्त्वाचा तो ठोक्यांचा क्रम. प्रत्येक वाराचे तीन ठोके:

- खूण: वार करणारा समोरच्याच्या डोळ्यांत बघतो आणि तलवार मागे घेऊन वार कुठे येणार ते उघड दाखवतो.
- उत्तर: समोरचा अडवायच्या जागी तलवार आणतो किंवा अंग चुकवायला लागतो.
- वार: मगच तलवार येते.

नवख्यांचं इथेच बिनसतं. त्यांना वाटतं, वार आला म्हणून खाली बसायचं. रंगमंचावर उलटं आहे: तो बसला, हे दिसल्यावर तलवार डोक्यावरून जाते. तो बसलाच नाही तर तलवार वरच थांबते. "पण मग खोटं दिसेल ना?" हा प्रश्न प्रत्येक चमूत येतो. दिसत नाही. पाचव्या रांगेतल्या माणसाला तो अर्धा ठोका कळत नाही, उलट खूण मोठी असल्यामुळे लढत कळते. खूण न दाखवता केलेली भराभर तलवारबाजी मागून नुसती गडबड दिसते.

जोरही वाराच्या सुरुवातीला दाखवायचा, शेवटी नाही. पातं समोरच्या पात्याला भेटताना हात मोकळा हवा. आवाज खणखणीत येतो तो वेगामुळे आणि सैल मनगटामुळे. ताकद लावली की ठोकल्यासारखा येतो आणि धारेला खाचा पडतात.

> तपासणी: जोडी डोळे न हलवता, नुसते आकडे म्हणत पाचही जागा उलटसुलट करते का? अडवणाऱ्याची नजर तलवारीकडे जात असेल तर पुढे सरकू नका. नजर चेहऱ्यावर, तलवार कडेने दिसते.

टप्पा ५: लढत वहीत लिहा

एका तुकड्यात पाच ते सात हालचाली. त्यानंतर दोघे वेगळे, एखादा संवाद, श्वास, मग पुढचा तुकडा. सलग वीस वार लिहिणारा फाईट मास्टर स्वतः कधी लढलेला नसतो.

वहीत असं लिहिलेलं हवं (क म्हणजे कप्तान, ख म्हणजे खलाशी):

१. क उजवं पाऊल पुढे, वार ३. ख डावं मागे, अडव ३.
२. क डावं पुढे, वार ४. ख उजवं मागे, अडव ४.
३. क उजवं पुढे, वार २. ख डावं मागे, अडव २.
४. क जागेवर, डोक्यावर वार. ख जागेवर, अडव ५.
५. पाती अडकलेली, दोघे सावकाश खाली आणतात, बाहेरच्या बाजूला. संवाद.
६. ख ढकलतो, क स्वतःहून तीन पावलं मागे.

सहाव्या ओळीतलं "स्वतःहून" विसरू नका. ढकलणं, केस ओढणं, गळा धरणं यांत हालचाल कायम ज्याला त्रास होतोय त्याच्या ताब्यात असते. केस ओढताना ओढणारा नुसती मूठ डोक्यावर टेकवतो, समोरचा दोन्ही हातांनी ते मनगट स्वतःच्या डोक्याशी दाबून धरतो आणि स्वतःच फरफटत जातो. थोबाडीत हात गालापासून लांबून जातो, आवाज मार खाणारा स्वतःच्या छातीवर किंवा मांडीवर काढतो, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला.

भोसकणं: दोघे प्रेक्षकांना आडवे उभे. तलवार पोटात नाही, कमरेच्या मागच्या, म्हणजे प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूने, वीतभर जागा सोडून सरळ जाते. आधी मरणारा पोट आत घेऊन वाकतो. तलवार बाहेर काढतानाही तशीच सरळ, फिरवायची नाही. सोसायटीच्या मांडवात तिन्ही बाजूंना प्रेक्षक असतात. तिथे हे उघडं पडतं. तिथे भोसकू नका, पोटासमोरून अंतर राखून आडवा वार करा आणि बाकीचं काम मरणाऱ्याच्या आवाजावर सोडा.

पडताना गुडघा, कोपर आणि माकडहाड जमिनीला आधी लागता कामा नये. खाली बसत पोटरीची बाजू, मांडी, नितंब, मग कूस. आधी गादीवर, मग सतरंजीवर, मग फळीवर.

टप्पा ६: वेग

पाव वेग, अर्धा वेग, मग पाऊण वेग. पूर्ण वेग नाहीच. प्रयोगही पाऊण वेगानेच होतो. त्यापुढे गेलं की पहिला ठोका, म्हणजे खूण, गळतो. पाव वेगाने दोन्ही जोड्या सलग तीनदा न चुकता गेल्या की अर्धा. चुकलं की खालच्या वेगावर परत, कुरकुर ऐकायची नाही. एका मिनिटाच्या लढतीला आठ-दहा तास जातातच.

चौथ्या आठवड्यात खऱ्या तलवारी हातात द्या आणि पुन्हा पाव वेगावर या. वजन बदलतं, त्यामुळे तलवार थांबायला उशीर होतो. काठीवर पाऊण वेगाने जमलं होतं म्हणून तलवारीवरही लगेच जमेल असं समजून चमू घाई करतात. बोटं याच आठवड्यात चेचतात.

संवाद लढतीत मिसळा तेही अर्ध्या वेगावर. वाक्य आठवताना नजर वर जाते आणि डोळ्यांची खूण तुटते.

टप्पा ७: वेश

डोळ्यावरची पट्टी लढणाऱ्याला द्यायची नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज बसत नाही आणि टप्पा ३ मध्ये केलेलं सगळं पाण्यात जातं. द्यायचीच असेल तर काळ्या जाळीच्या कापडाची शिवून घ्या. बाहेरून बंद दिसते, आतून बऱ्यापैकी दिसतं. तरी अर्ध्या वेगाने तपासूनच.

टोपीची पुढची कड वर दुमडून टाके घाला. सावलीत डोळे गेले तर जोडीदाराला खूण दिसत नाही. कमरेच्या शेल्याचं लोंबतं टोक वीतभरच, त्याहून लांब असलं तर ते पायात येणार. कानात कडी नकोत. हाताचा आकडा (हूक) फोमचा. लाकडी पाय न लढणाऱ्याला.

बुटांवर लोक उगाच खर्च करतात. भाड्याचे उंच बूट मापात नसतात आणि तळ गुळगुळीत असतो. रोजचे रबरी तळाचे बूट घाला आणि वर गुडघ्यापर्यंत तपकिरी रेक्झिनची खोळ शिवून घ्या. लांबून कुणाला कळत नाही. पँटच्या आत गुडघ्यांना पॅड.

पूर्ण वेशात किमान तीन तालमी करा. रंगीत तालमीलाच पहिल्यांदा कोट अंगात आला तर खांदा वर जात नाही हे तेव्हा कळतं, आणि पाचवी अडव खांद्यावरच अवलंबून असते.

टप्पा ८: पिस्तूल, धूर, रक्त

पिस्तूल लाकडाचं किंवा प्लास्टिकचं, आवाज ध्वनियंत्रणेतून. टिकल्या, फटाके, ब्लँक (बिनगोळीची काडतुसं) काही नाही. नेम माणसाच्या बाजूला, मागे कुणी नसेल अशा दिशेला. नळीतून पावडर उडवायची युक्ती छान दिसते, पण पुढच्या लढतीला फळीवर पाय घसरतो. धुराच्या यंत्राचंही तेच: एकाच जागी बराच वेळ सोडला तर खाली चिकट थर बसतो. यंत्र विंगेत मागे ठेवा, लढतीच्या जागेवर तोंड नको.

रक्तासाठी २०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, दोन चमचे पाणी, एक चमचा खायचा लाल रंग आणि रंग गडद करायला चिमूटभर कोको. कपड्यांवर डाग राहतो, म्हणून भाड्याच्या कोटाला लावू नका. रक्त लढत संपल्यावरच वापरा, आधी नाही.

दोरीला लटकून झोका घेत येणारी एंट्री काढून टाका. नाट्यगृहातले वरचे पाइप दिवे आणि पडद्यांसाठी असतात, माणसाच्या वजनासाठी नाही. मांडवाच्या बांबूंबद्दल तर बोलायलाच नको.

टप्पा ९: प्रयोगाचा दिवस

नाट्यगृह सत्रावर मिळतं. आधीच्या प्रयोगाचं नेपथ्य निघेपर्यंत तुमचा वेळ खाल्लेला असतो, मग दिवे लावणारे स्टेज अडवून बसतात, आणि ज्यावर काट मारली जाते ती लढतीची उजळणी. ती काटायची नाही. २० मिनिटं आधीच लेखी वेळापत्रकात टाका आणि प्रकाशयोजनाकाराला सांगून ठेवा.

त्या २० मिनिटांचा क्रम:

- स्टेज झाडून, ओल्या फडक्याने पुसून वाळवा. लेव्हल (स्टेजवरचे चौथरे) हलवून बघा. पिंपं प्लास्टिकची असतील तर आत वाळूच्या पिशव्या. मांडवात असाल तर कार्पेटच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या करा, फळ्यांच्या फटी आणि वर आलेले खिळे हाताने चाचपा.
- तलवारी मोजा. नट आवळा. जुना नायलॉनचा मोजा धारेवरून फिरवा. जिथे अडकला तिथे दाता उभा आहे, कानस मारा.
- लढत एकदा अर्ध्या वेगाने, एकदा प्रयोगाच्या वेगाने, खऱ्या प्रकाशात. अंगावर थेट येणारा दिवा डोळ्यांत जात असेल तर आत्ताच बदलून घ्या.
- प्रत्येक जोडीला एकेक प्रश्न: "काही दुखतंय? काही बदललंय?" कुणाचं मनगट दुखत असेल तर लढत छोटी करायची ती पद्धत आधीच ठरलेली हवी: एक तुकडा वगळायचा, कोणता ते वहीत खूण करून ठेवायचं.

गणेशोत्सवात पोरं स्टेजला चिकटून सतरंजीवर बसतात. पहिली रांग लढतीच्या जागेपासून किमान १० फूट मागे हवी. स्टेजच्या कडेपासून मोजू नका, तलवार जिथे फिरते तिथून मोजा. ऐन वेळी ती पुढे सरकतेच, म्हणून दोरी बांधून एक कार्यकर्ता तिथे बसवून ठेवा. पाऊस झाला आणि फळी ओली राहिली तर लढत रद्द. तिथे कप्तान आणि खलाशी भांडतील, शिव्यांचा प्रवेश वाढवा.

प्रयोगानंतर टाळ्या चालू असतानाच हत्यारं सांभाळणाऱ्याने तलवारी ताब्यात घ्यायच्या. सेल्फीसाठी त्या कुणाच्याही हातात द्यायच्या नाहीत, मंडळाच्या अध्यक्षांच्याही नाहीत. मोजून, पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून पेटीत. खाचा वहीत नोंदवा: कुठली तलवार, टोकापासून किती सेंमीवर. एकाच जागी पुन्हापुन्हा खाच पडत असेल तर त्या वाराला कुणीतरी जोर लावतोय, पुढच्या तालमीत नेमका तो वार पाव वेगाने काढा. दोन प्रयोगांमध्ये आठवड्याहून जास्त खंड पडला तर सगळी लढत पाव वेगापासूनच पुन्हा सुरू करायची.